उलटे अक्षर, सुलटा ठसा



आपल्या ग्रंथालयातील प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पिंपळपानाचा जांभळा शिक्का आहे. तो बाजारातून करून आणलेला नाही. आपल्याच शाळेतील मुलामुलींनी तो रबरावर हाताने कोरला आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आपण जो शिक्के कोरण्याचा वर्ग घेतो, त्याविषयी पालक नेहमी दोन प्रश्न विचारतात. याची साधने मिळतात कोठे, हा पहिला. इतिहासाच्या शिक्षकाने हा उद्योग कशासाठी करावा, हा दुसरा. या लेखात दोहोंचे उत्तर देण्याचा प्रयत्न आहे. प्रारंभ दुसऱ्या प्रश्नापासून करतो, कारण त्याखेरीज पहिल्याचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

शिक्का कोणाचा?

'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण सहज वापरतो. मराठेशाहीच्या पत्रांत शिक्का म्हणजे मुख्य मुद्रा, आणि मोर्तब म्हणजे मजकूर संपला हे दाखविण्यासाठी शेवटी उमटविलेली लहान मुद्रा. मोर्तबानंतर कोणी एखादी ओळ घुसडली तर ती तत्काळ उघडी पडे. छत्रपती शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा आपण पाठ्यपुस्तकात पाहिली आहे. शिक्का म्हणजे शब्दाला मिळालेले बळ होय.

परंतु हे बळ केवळ राजाचेच असते असे नाही. नालंदा येथील उत्खननात मातीवर उमटविलेल्या मुद्रा मोठ्या संख्येने सापडल्या. त्यांवर मध्यभागी धम्मचक्र, दोन्ही बाजूंस हरिणे आणि खाली 'श्रीनालंदामहाविहारीय आर्यभिक्षुसंघस्य' अशी अक्षरे आहेत. अर्थ असा, की ही मुद्रा नालंदा महाविहारातील आर्य भिक्षुसंघाची आहे. येथे एका व्यक्तीचे नाव नाही. मुद्रा संघाची आहे. शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या माणसांच्या समूहाला स्वतःची मुद्रा असू शकते, हा धडा त्या मातीच्या गोळ्यांनी आपल्याला दिला आहे.

निशाणी आणि अंगठा

आता दुसरी बाजू पाहू. जुन्या गावगाड्यातील महजर आणि करारपत्रे वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ज्यांना लिहिता येत नसे, त्यांच्या नावापुढे 'निशाणी' असे. पाटलाची निशाणी नांगर, आणि बलुतेदारांची निशाणी त्यांच्या त्यांच्या धंद्याच्या हत्याराची. नाव लिहिणार कुलकर्णी. ज्याचे नाव, त्याच्याकडून केवळ हत्याराची आकृती. पुढे आकृतीची जागा अंगठ्याने घेतली.

माझ्या आजोबांनी अंगठा उठविलेला एक कर्जाचा कागद आमच्या घरी पुष्कळ दिवस होता. त्यावर लिहिलेली रक्कम त्यांनी प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेपेक्षा अधिक होती, ही गोष्ट माझे वडील चौथीत गेल्यावर घरात प्रथम कळली. तोवर तो कागद कोणालाच वाचता आला नव्हता. हत्यार चालविणारे हात आमच्या घरात होते. अक्षर मात्र दुसऱ्याच्या घरी होते.

हे अंतर तोडण्याचे मोठे काम याच कोल्हापूरच्या भूमीत झाले. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले आणि १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले, त्याला महाराजांचे साहाय्य होते. आणि त्याच वर्षी २१ व २२ मार्चला माणगावची परिषद भरली. पुढे बाबासाहेबांनी स्वतःचा छापखानाही उभारला. आपले अक्षर आपणच घडवावे, ही जाण त्यामागे होती. आपला लहानसा वर्ग त्याच वाटेवरचा आहे.

साधनांचा शोध

या कामाला महागडे साहित्य लागते हा समज चुकीचा आहे. कोल्हापुरात डोळे उघडे ठेवून फिरले तर बहुतेक वस्तू आपल्या वाटेवरच भेटतात.

रबर : सर्वांत सोपे म्हणजे पांढरे, मऊ खोडरबर. मोठा, सपाट आणि ताजा घ्यावा. जुना, कडक झालेला रबर कोरताना तुटतो. बोटाएवढ्या जागेत एक चिन्ह किंवा दोन-तीन अक्षरे बसतात. मोठ्या आकारासाठी लिनोलियमचा तुकडा घ्यावा. कलानिकेतन, दळवीज यांसारख्या कलासंस्थांमुळे आपल्या शहरात चित्रकलेच्या साहित्याची दुकाने आहेत, तेथे तो मिळतो. लिनोलियम थंडीत ताठ होतो. कोरण्यापूर्वी थोडा वेळ उन्हात ठेवला की नरम पडतो. हवाई चपलेचा तळवा मोफत मिळतो, पण त्यात बारीक छिद्रे असल्याने नाजूक रेघ टिकत नाही. पान, चक्र, मासा असे ठसठशीत आकार मात्र त्यावर चांगले निघतात. अगदी लहान मुलांनी सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कात्रीने आकार कापून लाकडी ठोकळ्यावर चिकटवावेत. यात हत्याराचा धोका नाही.

हत्यारे : लिनो कोरण्याच्या संचात एक मूठ आणि बदलता येणारी पाती असतात. 'व्ही' आकाराचे पाते बारीक रेघेसाठी, 'यू' आकाराचे पाते मोकळी जागा काढण्यासाठी. संच नसेल तर मोडकी छत्री शोधावी. कोल्हापूरच्या पावसात तिचा तुटवडा कधीच पडत नाही! छत्रीची काडी नीट पाहा. पुष्कळ छत्र्यांत ती गोल नसून पन्हाळीसारखी असते. तिचा सहा-सात सेंटिमीटरचा तुकडा कापून, टोक तिरके घासून धारेच्या दगडावर लावले की उत्तम 'यू' पाते तयार होते. मागचे टोक बांबूच्या कांडीत एम-सीलने बसवावे. हॅक्सॉच्या तुटलेल्या पात्यापासून चाकू करता येतो. उद्यमनगरातील एखाद्या कारखान्यात ग्राइंडरवर तो मोठ्या माणसाकडून घासून घ्यावा, स्वतः घासू नये. अक्षरातील टिंबासाठी चपला शिवणाऱ्याची आरी पुरते.

ठोकळा आणि शाई : सुताराकडे लाकडाचे उरलेले तुकडे मागितले तर तो नाही म्हणत नाही. शाई मात्र शिक्क्याचीच घ्यावी. ती पॅडवर लवकर वाळत नाही; लेखणीची शाई वाळते आणि कागदावर पसरते. पॅड नसेल तर पत्र्याच्या डबीत जाड लोकरी कापडाची घडी बसवून त्यावर शाई सोडावी.

कोरण्याची रीत

पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने अक्षर सुलटेच लिहा. तो कागद रबरावर पालथा ठेवून मागून नखाने घासा. रबरावर अक्षर आपोआप उलटे उतरेल, आणि शिक्का मारताना पुन्हा सुलटे होईल. प्रथम अक्षराच्या पोटातील पोकळी कोरा : 'व'ची, 'ध'ची, 'म'ची गाठ. ती बुजली तर अक्षर वाचता येत नाही. त्यानंतर बाहेरची बाजू. भिंत खाली रुंद होत जाईल अशी तिरकी ठेवा; आतून पोखरलेली रेघ दाबताच वाकते. वळणावर हत्यार स्थिर ठेवून रबर फिरवा. दुसरा हात नेहमी हत्याराच्या मागे, कधीही पुढे नाही. हा नियम मोडणाऱ्याला त्या दिवशी हत्यार मिळत नाही.

धम्मचक्र कोरायचे असेल तर आठ आऱ्यांचे निवडा. राष्ट्रध्वजावरील अशोकचक्राच्या चोवीस आऱ्या खोडरबरावर मावत नाहीत. काम झाल्यावर शिक्का ओल्या फडक्याने पुसून कागदात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या डबीत हा मऊ रबर चिकटून खराब होतो. आणखी एक सूचना : कोणत्याही शासकीय कार्यालयाच्या शिक्क्याची नक्कल करणे हा गुन्हा आहे. आपण कोरतो ते आपले नाव, आपले चिन्ह.

चुकलेला शिक्का

मागे पाचवीतील एका मुलीने 'मैत्री' हा शब्द कागद न वापरता थेट रबरावर सुलटा लिहिला आणि दोन दिवस खपून कोरला. शिक्का मारला तेव्हा शब्द उलटा उमटला. ती रडवेली होऊन तो फेकायला निघाली. तेव्हा मी तिला एरणच्या नाण्याची हकीकत सांगितली.

मध्य प्रदेशातील एरण येथे कनिंगहॅम यांना एक प्राचीन नाणे सापडले. त्यावर धम्मपाल या राजाचे नाव ब्राह्मी लिपीत, पण उजवीकडून डावीकडे उमटले होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात काही काळ अध्यापन केलेले जर्मन पंडित ब्युलर यांनी त्याचा आधार घेऊन, ब्राह्मी लिपी मुळात उजवीकडून लिहिली जात असावी, असा तर्क मांडला. पुढे इतर अभ्यासकांनी दाखवून दिले, की साचा कोरणारा अक्षरे उलटी कोरण्यास विसरला असेल, तरीही नाणे असेच दिसेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात क्षणभर चुकला असावा, आणि त्यावर पंडितांचा वाद रंगला! त्या मुलीने शिक्का फेकला नाही. तो आजही वर्गाच्या कपाटात आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी तोच प्रथम दाखविला जातो.

आपल्या शेजारच्या मिरजेत १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरे कोरून भगवद्गीता छापली गेली. ते कोरणारा तांबट कारागीर होता. संबंध ग्रंथ उलटा कोरण्यास किती सावधपणा लागला असेल, हे ज्याने एक शब्द कोरला आहे त्यालाच कळते. इतिहास केवळ वाचून कळत नाही तो असा.

रापीचा प्रश्न

शेवटी एक प्रसंग सांगतो. घरात जे जुने हत्यार असेल ते आणा, असे मी एकदा वर्गात सांगितले. सातवीतील एक मुलगा "घरी काहीच नाही" असे म्हणून गप्प बसला. रविवारी त्याचे वडील भेटीस आले. सुभाषनगरात ते चपला करतात. त्यांनी फडक्यात गुंडाळलेली लहान रापी माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "सर, ह्येला धार लई हाय. पोरास्नी संबाळून द्या." मग त्यांनी रापी पाण्यात बुडवून रबराचा जाड तुकडा एका झटक्यात सरळ कापून दाखविला. कोरडे पाते रबरात अडकते, ओले सरकते, ही गोष्ट मला माहीत नव्हती. त्या दिवशी मी विद्यार्थी होतो आणि ते शिक्षक. नाजूक रेघेसाठी रापी उपयोगाची नाही, परंतु रबराच्या कडा छाटण्यासाठी तिच्याइतके चांगले हत्यार आमच्याजवळ दुसरे नाही.

मुलगा का गप्प होता, हे मला कळत होते. येथे सावध राहिले पाहिजे. रापीचे कौतुक करून जातीने लादलेल्या धंद्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू मुळीच नाही. जातीने केवळ कामे वाटली नाहीत, काम करणारी माणसेच एकमेकांपासून तोडून वेगळ्या कप्प्यांत बसविली, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. त्या मुलाने पुढे चपला कराव्यात की वकिली, हे तो ठरवील. परंतु हत्याराची लाज वाटावी अशी त्यात कोणतीही गोष्ट नाही. लाज वाटायची ती माणसाला हत्यारावरून तोलणाऱ्या व्यवस्थेची. ज्या हाताला पूर्वी नावाऐवजी हत्याराची निशाणी काढावी लागे, तोच हात आज त्याच हत्याराने कापलेल्या रबरावर स्वतःचे नाव कोरतो, आणि ते नाव त्याला वाचता येते. या वर्गाचे सारे सार एवढेच आहे.

कोल्हापुरात सापडलेल्या प्राचीन स्तूपातील दगडी करंडकावर दान देणाऱ्या बम्हाचे नाव आहे; त्याचबरोबर ते काम करवून घेणाऱ्या धमगुताचेही नाव आहे. पैसा देणाऱ्याइतकेच काम तडीस नेणाऱ्याचे नाव त्या काळच्या बौद्धांना मोलाचे वाटले. म्हणून मित्रांनो, सुट्टीत घरी जाताना आपला शिक्का बरोबर न्या. घरातील एखाद्या वहीच्या पहिल्या पानावर तो उमटवा, खाली तारीख घाला, आणि कोणी कोरला ते स्वतःच्या अक्षरात लिहा. घरात ज्यांना अजून सही करता येत नाही, त्यांना ते अक्षर वाचून दाखवा, आणि सवड काढून गिरवायलाही शिकवा.