गणिताला कसला आलाय डेटा?

प्रश्न: माझी मुलगी ऑप्टिमायझेशन या विषयात पीएचडी करते. नुकताच तिचा शोधनिबंध परत आला. पद्धत चांगली आहे, पण ज्या उदाहरणांवर ती तपासली त्यांचा डेटा सर्वांना खुला करा, असा शेरा होता. मी बँकेत नोकरी केली, मला यातलं फार कळत नाही. पण गणितात एकदा सिद्ध झालं की झालं ना? पायथागोरसकडे कुणी डेटा मागितला होता का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: पायथागोरसकडे कुणी मागितला नसता, हे खरंच. प्रमेय सिद्ध झालं की ते सांगलीतही खरं आणि टोकियोतही. पण तुमच्या लेकीने नुसतं प्रमेय लिहिलेलं नाही, अल्गोरिदम लिहिलाय. म्हणजे उत्तरापर्यंत पोचायची रीत. अशा रीतीबद्दल दोन दावे केले जातात. ती बरोबर उत्तर देते, हा पहिला. तो कागदावर सिद्ध करता येतो. ती आधीच्या रीतींपेक्षा लवकर उत्तर देते, हा दुसरा. तो कागदावर पुरता सिद्ध होत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

बारावीच्या लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या धड्यात आपण आलेख काढून कोपऱ्यांचे बिंदू तपासतो. चलं दोनच असतात म्हणून ते जमतं. हजारो चलं असली की जॉर्ज डँट्झिग यांची 1947 मधली सिम्प्लेक्स पद्धत कामी येते. ती एका कोपऱ्यावरून शेजारच्या अधिक चांगल्या कोपऱ्यावर सरकत जाते. 1972 मध्ये क्ली आणि मिंटी यांनी मुद्दाम थोडा तिरपा केलेला एक घन रचून दाखवला. त्यावर ही पद्धत एकही कोपरा न चुकवता सगळीकडे हिंडून येते. 30 चलं असली तर असे कोपरे 107 कोटींहून जास्त होतात! तरीही खऱ्या कारखान्यांची गणितं हीच पद्धत झटपट सोडवत होती, आजही सोडवते. उलट 1979 मध्ये लिओनिद खाचियान यांनी मांडलेली पद्धत कागदावर हिच्याहून सरस होती, पण संगणकावर मागे पडली. म्हणजे कागद एक सांगतो आणि संगणक दुसरंच. मग प्रत्यक्ष चालवून बघण्यावाचून गत्यंतर नाही. आणि चालवून बघितली म्हटलं की कशावर, हे विचारायचा वाचकाला हक्क आहे. आपल्या पद्धतीला सोयीची दहा उदाहरणं कुणालाही सापडतात.

हा हक्क किती मोलाचा, हे कळण्यासाठी आपल्याच एका माणसाची गोष्ट सांगायला हवी. नरेंद्र करमरकर. जन्म ग्वाल्हेरचा, मुंबईच्या आयआयटीतून 1978 चे पदवीधर, पुढे बर्कलीला पीएचडी. 1984 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये असताना त्यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगची नवी पद्धत मांडली. कोपऱ्याकोपऱ्याने न जाता ती आकृतीच्या आतून वाट काढते. त्या वर्षीच्या 19 नोव्हेंबरला न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली. सिम्प्लेक्सपेक्षा ही पद्धत कितीतरी पटींनी, काही गणितांवर 50 पटींनी वेगवान असल्याचं सांगितलं जाऊ लागलं. पद्धतीची सिद्धता छापून आली होती आणि ती निर्विवाद होती. पण वेग मोजला तो कोणत्या गणितांवर, प्रोग्राम कसा लिहिला, हे बाहेर आलं नाही. कंपनीला व्यापार करायचा होता. 1988 मध्ये पेटंटही मिळालं. इतरांनी आपापल्या परीने प्रोग्राम लिहून पाहिले, कुणाला तो वेग दिसला, कुणाला नाही, आणि दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटत राहिलं. मला या प्रकरणाची हळहळ वाटते. करमरकरांची कल्पना अस्सल होती. झाकून ठेवलेल्या चाचण्यांमुळे काही वर्षं तिच्याकडेच संशयाने पाहिलं गेलं.

कोंडी फुटली ती अगदी साध्या मार्गाने. 1985 मध्ये बेल लॅब्समधल्याच डेव्हिड गे यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगची खरीखुरी गणितं जमवून ‘नेटलिब’ या संग्रहात ठेवली. इंटरनेट घरोघरी यायला अजून बराच अवकाश होता. पण नेटलिबच्या पत्त्यावर एका ओळीचा ई-मेल धाडला की माणसाचा हात न लागता ते गणित उलट टपाली येई. त्यातल्या ‘अफिरो’ या चिमुकल्या गणितात 32 चलं आहेत, आणि आजही नवा प्रोग्राम लिहिणारा बरेचदा आधी अफिरो सोडवून बघतो. आता सगळे एकाच मैदानात उतरले. 1989 मध्ये करमरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जो निबंध आला, त्यात नेटलिबमधलीच गणितं होती आणि समोर मिनोस हा त्या काळचा नावाजलेला सिम्प्लेक्स प्रोग्राम. नवी पद्धत वरचढ ठरली. ते आता कुणालाही पडताळून पाहता येत होतं.

बेल लॅब्सच्या मूळ कंपनीने या पद्धतीवर बेतलेली ‘कॉरबेक्स’ ही यंत्रणा पुढे विकायला काढली, किंमत 89 लाख डॉलर. अमेरिकी हवाई दलाने ती घेऊन आपल्या वाहतुकीच्या गणितांवर तपासली आणि 1990 मध्ये त्याचा निबंध निघाला. तीच गणितं आज नेटलिबमध्ये कुणालाही फुकट मिळतात. ‘पीडीएस’ने सुरू होणारी चार नावं त्यात आहेत: जखमी सैनिकांना रणभूमीवरून इस्पितळांत हलवण्याची ती गणितं. नावापुढचा आकडा म्हणजे किती दिवसांचं नियोजन. लष्कराचा डेटा खुला होऊ शकतो, तर विद्यापीठातला व्हायला काय हरकत?

मात्र ‘डेटा दिला’ म्हणजे फाइल चढवली आणि सुटलो, असं नाही. जवळून बघू. विक्रेत्याने सगळ्या गावांना एकेकदा भेट देऊन सर्वांत कमी अंतरात घरी यायचं, हे या क्षेत्रातलं लाडकं कोडं. त्याची उदाहरणं गेरहार्ड रायनेल्ट यांनी 1991 मध्ये ‘टीएसपीलिब’ या संग्रहात आणली. त्यात म्यानमारच्या 14 गावांचं एक उदाहरण आहे. ते जेमतेम 14 ओळींचं, पण फेरीचे मार्ग 311 कोटींहून अधिक. पहिलं गाव: 16.47, 96.10. हे यांगून, अक्षांश आणि रेखांश. तुम्ही-आम्ही हे दशांश अपूर्णांक म्हणून वाचू. पण टिंबानंतरचे आकडे आहेत मिनिटं! 16 अंश 47 मिनिटं म्हणजे दशांशात 16.78. चुकीचं वाचलं तर यांगून सुमारे 35 किलोमीटर दक्षिणेला सरकतं, बाकीची गावंही कमी-अधिक हलतात, आणि तुमचा अल्गोरिदम निर्दोष असूनही उत्तर जुळत नाही. म्हणून संग्रहासोबत अंतर काढायची कृतीही दिलीय: पृथ्वीची त्रिज्या 6378.388 किलोमीटर, पाय 3.141592, आणि अंतर पूर्ण किलोमीटरमध्ये. एवढं पाळलं तर जगात कुठेही सर्वांत छोटी फेरी 3323 किलोमीटरच येते. बँकेत व्याज काढताना पैसे कुठे पूर्णांकात धरायचे, हे ठरलेलं नसेल तर दोन खातेवह्या जुळतील का? तसंच हे.

लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या फाइलींचा जुना ‘एमपीएस’ नमुना तर पंच कार्डांच्या काळचा. कोणता आकडा कितव्या रकान्यात, हे त्यात काटेकोर ठरलेलं. पण उत्तर कमीत कमी हवंय की जास्तीत जास्त, हे मूळ नमुन्यात लिहायची सोयच नव्हती.

इतका खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर अर्ध्या पानाचा एक तक्ता सांगतो. 10 कामं, 10 यंत्रं, प्रत्येक काम ठरल्या क्रमाने प्रत्येक यंत्रावर जायचं. सगळं लवकरात लवकर कधी संपेल? फिशर आणि थॉम्पसन यांचा हा तक्ता 1963 मध्ये एका पुस्तकात छापून आला. एकूण टप्पे अवघे 100. पण 930 हेच सर्वांत चांगलं उत्तर आहे, हे कार्लिए आणि पिन्सों यांनी सिद्ध केलं ते 1989 मध्ये. मधली 26 वर्षं जगभरच्या संशोधकांनी याच तक्त्याशी झुंज घेतली, आणि कोण किती पुढे सरकलं हे नेमकं मोजता आलं, कारण तक्ता प्रत्येकाकडे तोच होता.

आता तुमच्या लेकीने काय द्यावं? उदाहरणांच्या मूळ फाइली, त्या कशा वाचायच्या याची कृती, आणि उदाहरणं संगणकाकडून यदृच्छेने बनवून घेतली असतील तर तो प्रोग्राम व त्याला दिलेला सुरुवातीचा आकडा. एखाद्या कारखान्याकडून डेटा घेतला असेल तर परवानगी काढून, ग्राहकांची आणि मालाची नावं काढून टाकून गणिताचा सांगाडा देता येतो. ठेवायला झेनोडोसारखं ठिकाण आहे. तिथे कायमचा क्रमांक मिळतो आणि तो निबंधात छापता येतो. जिथे तिची पद्धत हरली ती उदाहरणंही वगळू नयेत, उलट पुढच्या माणसाला त्यांचाच उपयोग अधिक.

आणि नुसता उत्तराचा आकडा देऊ नये, अख्खं उत्तर द्यावं: कोणत्या गावानंतर कोणतं गाव, कोणत्या यंत्रावर कोणतं काम कधी. ते शोधायला तिच्या संगणकाला कदाचित रात्रभर लागली असेल. दिलेली फेरी खरंच तेवढ्या लांबीची आहे का, हे तपासायला तुम्हालासुद्धा फक्त बेरीज करावी लागेल.