धरणाच्या पायातील ग्राउटिंग

वर्धा जिल्ह्यात बोर नदीवर १९६५ मध्ये धरण झाले. पुढे धनोडी येथे निम्न वर्धा धरण उभे राहिले. या जिल्ह्याचा बहुतांश भूभाग लाव्हारसाच्या थरांपासून बनलेल्या काळ्या पाषाणाचा आहे. वरून अभेद्य भासणाऱ्या अशा खडकात भेगा असतात, तर काही थरांमध्ये तांबड्या मातीचे पट्टे आढळतात. जलाशय भरताच पाणी त्यांतून वाट शोधते.

म्हणून पायात ओळीने छिद्रे पाडून ती धुतात, दाबाने पाणी सोडून गळती मोजतात आणि सिमेंटचे प्रथम पातळ, मग दाट मिश्रण भरतात. यालाच ग्राउटिंग म्हणतात. दाब बेताचाच हवा. अतिरेक झाल्यास खडकच उचलला जातो. पुढे दोन छिद्रांच्या मधोमध नवे छिद्र घेतात. त्यात मिश्रण कमी गेले, तर भेगा बुजत आल्या असे समजावे. तांबडी माती मात्र सिमेंट शोषून घेत नाही. ती शक्य तेथे खणून काढून काँक्रीट भरावे लागते.

अमेरिकेतील टेटन धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्याच भरणीच्या वेळी फुटले. खडकातील न बुजलेल्या भेगांतून वाहणाऱ्या पाण्याने मातीचा भराव पोखरला होता.

भिंत वर येण्यास विलंब लागला की ग्रामस्थ अधीर होतात. जमिनीखालचे हे काम दिसत नसले, तरी गावाची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असते, हे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी त्यांना समजावून सांगावे.