आधी रूळ, मग गाडी

पोरांनो, इंजिन घ्यायला निघाला असाल तर जरा दम धरा. मॉडेल रेल्वेचा नाद लागला की पहिला हात खिशात जातो आणि चकचकीत इंजिनाचा खोका घरात येतो. सतरंजीवर गोल रूळ मांडून ते चार दिवस पळतं, मग वळणावर घसरायला लागतं आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर जातं. माळ्यावर गेलेली अशी बरीच इंजिनं मी खाली उतरवून पाहिली आहेत. बहुतेकांत काहीही बिघाड नव्हता. रूळ वाकडा होता, जोड उंच-खाली होता, चाकांची मापं चुकली होती. माझा जन्म टूलरूममध्ये गेला, म्हणून असेल कदाचित, पण मी सांगतो ते पक्कं धरा: या छंदात नव्वद टक्के काम रुळाचं असतं आणि ते हाताने, सावकाश, माप घेऊनच होतं.

पैसे खर्च करण्याआधी स्टेशनावर जा. आपलं वरणगाव भुसावळ-बडनेरा मार्गावर आहे. मुंबई-नागपूर मेन लाइन असल्यामुळे बघायला गाड्या कमी नाहीत. प्लॅटफॉर्म तिकीट काढा, स्टेशन मास्तरांना काय करायचंय ते सांगा, त्यांची परवानगी घ्या आणि एका बाकावर वही घेऊन बसा. रुळांत उतरायचं नाही, प्लॅटफॉर्मच्या कडेला जायचं नाही. टेपने काही मोजायची गरजच नसते, कारण रेल्वेने मोजपट्टी आधीच अंथरून ठेवलेली असते. मेन लाइनवर किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर टाकतात, म्हणजे दोन स्लीपरांमधलं अंतर ६० सेंटिमीटर. सिग्नलपासून खांबापर्यंत किती स्लीपर आहेत ते प्लॅटफॉर्मवरूनच मोजा, की अंतर मिळालं. बाकीच्या मापांसाठी जुना निळा आयसीएफ डबा धरा: लांबी २१.३ मीटर, रुंदी सव्वातीन मीटरला जरा कमी. शेजारची खोली डब्याच्या छतापर्यंत येते की खिडकीपर्यंत, ते बघून लिहून ठेवा. ओव्हरहेड वायरच्या खांबांवरच्या पाट्या वाचा, त्यांच्यावर किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक असतो. खडीचा रंग दोन ठिकाणी वेगळा दिसेल. इंजिनं जिथे थांबतात तिथे ती तेलकट काळी असते, बाकी ठिकाणी तपकिरी राखाडी. ही वही पुढे दहा पुस्तकांच्या तोडीची ठरते.

आता प्रमाण. सुरुवात करणाऱ्याने एचओ घ्यावं, म्हणजे १:८७. सामान जास्त मिळतं आणि हातात धरून काम करता येतं. एन म्हणजे १:१६० जागा वाचवतं, पण ते काम बारीक, आणि चष्मा लागलेल्यांना त्रास देतं. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. बाजारातल्या एचओ रुळाची रुंदी १६.५ मिलिमीटर असते आणि ती युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजची आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ येतात. म्हणजे डबा मापात केला तरी खालचा रूळ तीन मिलिमीटरने अरुंद राहणार. नवख्याने हे मान्य करून पुढे जावं. डब्याची रुंदी ३७ मिलिमीटर बरोबर ठेवा, डब्याखालच्या बोगीच्या बाजू थोड्या बाहेर घ्या, बघणाऱ्याला फरक कळत नाही. हात बसल्यावर स्वतः रूळ बांधायचा असेल तर तेव्हा १९.३ करा, मला आनंदच होईल.

जागेचा हिशेब मात्र कठोर असतो. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस १:८७ मध्ये सहा मीटरच्या वर जाते. दीपनगरच्या वीजकेंद्राकडे कोळसा घेऊन येणारी अठ्ठावन्न वॅगनची मालगाडी सात मीटर. एवढी खोली कोणाकडे आहे? पाच डबे आणि एक इंजिन, दीड मीटरची गाडी करा, डोळा तेवढ्यावर समाधान मानतो. आठ बाय चार फुटांचा प्लाय आणून त्यावर गोल फिरवायचा मोह होतो, तो टाळा. चार फुटांच्या रुंदीत जास्तीत जास्त बावीस इंचांची त्रिज्या बसते, म्हणजे ५६ सेंटिमीटर. आयसीएफ डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा. वळणाची त्रिज्या लांबात लांब डब्याच्या तिप्पट असली की गाडी शोभून दिसते, आणि इथे ती ७३ सेंटिमीटर हवी. बावीस इंचावर डबे धावतीलही, पण त्यांची टोकं वळणाबाहेर लोंबतील आणि कपलिंग ओढ खाईल. शिवाय एवढ्या मोठ्या फळीच्या मध्यावर हात पोचत नाही.

त्यापेक्षा भिंतीलगत एक फूट रुंद आणि साडेपाच फूट लांब फळी घ्या आणि तिच्यावर छोटं यार्ड उभं करा. इंग्लंडच्या ॲलन राइट यांनी ‘इंगलनूक सायडिंग्ज’ नावाचा एक आराखडा दिला आहे. दोन पॉइंट, तीन लाइनी. एका लाइनीत पाच वॅगन मावतात, उरलेल्या दोन लाइनींत तीन-तीन. पुढे इंजिन आणि तीन वॅगन उभ्या राहतील एवढा तुकडा. वॅगन आठ घ्यायच्या, चिठ्ठ्या काढून त्यातल्या पाच ठरवायच्या आणि नेमक्या त्याच क्रमाने गाडी लावायची. ऐकायला सोपं वाटतं, पण मोठी माणसंही घाम पुसतात. शेजारी भुसावळचं एवढं मोठं यार्ड असताना आपल्या पोरांनी शंटिंगचं यार्ड सोडून गोल चक्कर का मारावी? शंटिंगमध्ये इंजिन हळू चालवायला शिकता, पॉइंट कळतो, कपलिंग कळतं. बॉक्सएन वॅगन १:८७ मध्ये सव्वाबारा सेंटिमीटरची होते, म्हणजे पाच वॅगनची लाइन ६२ सेंटिमीटरची. हे सगळं त्या फळीवर बसतं.

आता रूळ टाकताना लक्ष द्या. फळी १२ मिलिमीटरच्या चांगल्या प्लायची, खाली उभ्या पट्ट्यांची चौकट. प्लायला दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही प्रायमर मारा. एकाच बाजूने मारला तर पावसाळ्यात दुसरी बाजू ओल पिते आणि फळी वाकते. वाळवीचा बंदोबस्त आधी करा. रूळ घेताना पेकोचा कोड १०० घ्या. मापाने आपल्या ६० किलोच्या रुळाला कोड ७५ जास्त जवळ जातो, पण कोड १०० दांडगा आहे, नवख्या हाताचा धसमुसळेपणा सोसतो.

लवचीक रुळाचा एक तुकडा ९१४ मिलिमीटरचा, म्हणजे तीन फुटी येतो. कापल्यावर टोकाला बारीक उठलेली धार असते, तिच्यावरून बारीक कानस फिरवा, वरून, आतून आणि खालून. मग जोड बसवा आणि नखाची कड आतल्या बाजूने जोडावरून सावकाश ओढा. नख जिथे अडकलं तिथे चाकही अडकणार, त्यात वाद नाही. अडकलं तर परत काढा, कानस मारा, परत बसवा. वळणात जोड शक्यतो नको. टाळता येत नसेल तर आधी सरळ ठेवून जोडाला सोल्डर मारा आणि मग वाकवा, म्हणजे कोपरा पडत नाही. खिळे ठोकताना डोकं स्लीपरला नुसतं टेकलं की थांबा. आणखी एक ठोका दिला की स्लीपर मध्ये दबतो आणि गेज आवळतो.

आपल्याकडच्या उन्हाची गोष्ट परदेशातल्या पुस्तकांत सापडत नाही. जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास असतो, मे महिन्यात पंचेचाळिसाला जातो. पत्र्याच्या छपराखाली खोली असेल तर काही विचारूच नका. तीन फुटांचा निकेल सिल्व्हर रूळ एवढ्या फरकाने अर्धा मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यात रूळ टाकत असाल तर प्रत्येक जोडात फिलर गेजचं अर्ध्या मिलिमीटरचं पान सरकवून तेवढी फट ठेवा. फिलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्डाची दोन पानं एकत्र चालतात. मेमध्ये टाकत असाल तर जोड जवळपास भिडलेले ठेवा. सगळे जोड सोल्डर करून लांबच लांब रूळ करू नका, मेमध्ये तो सापासारखा वळतो. फट ठेवली म्हणजे जोडातल्या जॉइनरवर वीज सोपवून चालत नाही, ते सैल होतात. म्हणून प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर द्या आणि ती फळीखालच्या दोन जाड वायरींना जोडा. एक लाल, एक काळी, आणि रंग कधीही बदलायचा नाही. बारा व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर पहिल्या यार्डाला पुरे. डीसीसीचा, म्हणजे डिजिटल कंट्रोलचा, विचार दुसऱ्या इंजिनानंतर.

रूळ झाल्यावर इंजिन लगेच ठेवू नका. एक वॅगन बोटाने ढकला, डोळा रुळाच्या पातळीला आणा आणि चाक कुठे उचलतं ते बघा. मग पाच वॅगन जोडून उलट्या ढकला, पॉइंटमधून. ओढताना जे दोष लपतात ते ढकलताना उघडे पडतात.

चाकांकडे वळू. व्हर्नियर घ्या, साधा चालेल. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर एचओमध्ये साधारण १४.४ मिलिमीटर हवं. कमी-जास्त असेल तर चाक आसावर हलकं फिरवत सरकवा. हे प्रत्येक आसाचं, खोका उघडल्या उघडल्या. मग वजन. अमेरिकेत १९३५ पासून मॉडेल रेल्वेवाल्यांची एनएमआरए ही संघटना आहे, तिचा सोपा आडाखा आहे: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपला आयसीएफ डबा त्या हिशेबाने १६५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बॉक्सएन ९७ ग्रॅमच्या. पुठ्ठ्याचा किंवा सनबोर्डचा डबा घरी केलात, आणि ते जरूर करा, तर तो फार हलका होतो. लोखंडी वॉशर तळाला, बोगीच्या वर, चिकटवा. छताकडे वजन नको, डबा डोलतो. बोगी बसवताना एक बोगी फक्त डावी-उजवी फिरेल इतपत आवळा आणि दुसरी थोडी वर-खालीही हलू द्या. तीन पायांचं स्टूल डगमगत नाही, तसंच हे. ही एक युक्ती मी पोरांच्या हातात दिली की त्यांच्या निम्म्या तक्रारी थांबतात.

खडी टाकायची घाई नको. आधी काही आठवडे गाड्या चालू द्या. खरी खडी ५० मिलिमीटरची, आपल्या मापात ती अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ रवा. खडी क्रशरवरची कच आणा, धुऊन वाळवा, रव्याच्या चाळणीतून चाळा, आणि जे चहाच्या गाळणीवर थांबेल ते घ्या. लोहचुंबक फिरवून लोखंडाचे कण काढा, नाहीतर ते मोटरला चिकटतात. मऊ कुंचल्याने पसरा, साबणाचं पाणी फवारा, आणि एक भाग फेविकॉल तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या हलत्या पट्ट्यांजवळ थेंबही नको.

निसर्गदृश्यासाठी परदेशी पाइनची झाडं विकत आणू नका. आपल्याकडे केळी आहे. रावेर, सावदा, निंभोरा ही स्टेशनं केळीच्या लोडिंगसाठी ओळखली जातात, आणि केळीबाग नसलेलं आपल्या भागातलं मॉडेल बघवत नाही. केळीचं झाड अडीच-तीन मीटरचं, म्हणजे मॉडेलमध्ये ३०-३५ मिलिमीटर. लागवड पाच बाय पाच फुटांवर, म्हणजे १७-१८ मिलिमीटरवर एक झाड. पातळ कागद दोन्ही बाजूंनी हिरवा रंगवा, लांबट पानं कापा, मधोमध बोथट सुरीने घडी पाडा, कडांना दोन-तीन चिरा द्या, कारण वाऱ्याने केळीचं पान फाटलेलंच असतं. सगळी पानं सारखी हिरवी नकोत, खालचं एखादं वाळलेलं, तपकिरी, खोडाला लोंबणारं. कडेच्या बाभळी-निंबांची खोडं पऱ्हाटीच्या बारीक फांद्यांमधून निघतात. माती चाळून वापरा, पण फेविकॉल लागला की आपली काळी माती आणखी काळी होते, म्हणून तीत थोडी राख मिसळा. दीपनगरच्या चिमण्या मागच्या भिंतीवर फिकट रंगात काढल्या तर जागा कुठली आहे हे सांगावं लागत नाही.

ओव्हरहेड वायर दुसऱ्या वर्षी. खांब मात्र लावून टाका. वायरची उंची साडेपाच मीटर, म्हणजे ६३ मिलिमीटर. सरळ मार्गावर खांबांतलं अंतर ७२ मीटरपर्यंत जातं, मॉडेलमध्ये ते ८३ सेंटिमीटर येईल. छोट्या फळीवर ४० सेंटिमीटर ठेवा, दिसायला बरोबर वाटतं.

आणि धूळ. गाड्या चालत नसतील तेव्हा फळीवर जुनी सुती चादर टाका. रूळ पॉलिश पेपरने घासायचा नाही, ओरखड्यांत मळ अधिक साठतो. कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा.

एकदा पुण्याला गेलात तर कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या. भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभर जोपासलेल्या या छंदाला १९९८ साली त्यांनी स्वतःची जागा दिली. तिथे सगळे गाड्यांकडे बघतात. तुम्ही सिग्नलकडे बघा, एक गाडी थांबली की दुसरी कशी सुटते ते बघा, रूळ पुलाखालून जाताना किती चढ-उतार घेतो ते डोळ्यांनी मोजा. सोबत वही न्या.

आणि ज्यांचा हात बसला आहे त्यांच्यासाठी एक काम मी राखून ठेवलं आहे. आपली पाचोरा-जामनेर. छप्पन्न किलोमीटरची नॅरोगेज, रुळाची रुंदी ७६२ मिलिमीटर. २०२० मध्ये लॉकडाउनात ती थांबली. गंमत म्हणजे एन प्रमाणाचा बाजारातला रूळ ९ मिलिमीटरचा असतो, आणि ७६२ ला ८७ ने भागलं की ८.८ येतात. म्हणजे ब्रॉडगेजवाल्यांना जी तडजोड करावी लागते ती इथे जवळपास करावीच लागत नाही. एनचं चालतं इंजिन घ्या, वरची टोपी काढा आणि त्याच्यावर झेडडीएम या नॅरोगेज डिझेल इंजिनाची, १:८७ च्या मापाची बॉडी पुठ्ठ्यातून चढवा. गाडी लहान, वळणं तीव्र चालतात, दोन फुटांच्या फळीवर शेंदुर्णीचं स्टेशन मावतं. पण त्याआधी शेंदुर्णीला, पहूरला जा. ही लाइन ब्रॉडगेज करण्याच्या कामात जुनं काय राहील आणि काय जाईल, ते सांगता येत नाही. इमारतींचे सर्व बाजूंनी फोटो घ्या, फोटोत दर वेळी एक मीटरची काठी उभी धरा, आणि त्या गाडीने रोज ये-जा केलेल्या गावातल्या जुन्या माणसांना डब्याचा आतला रंग, बाकांची मांडणी, दाराची कडी विचारून त्यांच्यासमोरच वहीत काढून घ्या.