गाडीत कोणाला ऐकावं

पोरी, सोमवारपासून तुझी बेलापूरची नोकरी सुरू. डबा, पास, छत्री हे तुझी आई सांगेल. कानाचं मी सांगतो, कारण गाण्याचं हे वेड मामाकडूनच आलंय असं ती येताजाता ऐकवत असते.

गाडीच्या गोंगाटाशी आवाज वाढवून भांडायचं नाही. त्याला पुरून उरेल असं गाणं निवडायचं. लोकलची घरघर खालच्या पट्टीतली, ती आधी खालचेच सूर गिळते. म्हणून आमीर खाँसाहेबांचा मारवा गाडीत लावू नकोस. मंद्रातली ती आलापी चाकांखाली जाते, अधूनमधून वर आलेले चार सूर तेवढे हाती लागतात आणि बोट आपोआप आवाजाच्या बटणाकडे वळतं. मारवा संध्याकाळचा राग, तू परतशील तीही संध्याकाळच, हे सगळं खरं. तरीही नको. घरी ये, हातपाय धू, मग ऐक.

गाडीत उंच, स्वच्छ गळे चालतात. हिराबाई बडोदेकर घे, बालगंधर्व घे. त्याहून जुनं हवं तर गौहरजानपासून सुरुवात कर. १९०२ साली तिचं गाणं तबकडीसाठी मुद्रित झालं तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून गावं लागे आणि भोंग्यात खालचे सूर फारसे उमटतच नसत. जे मुळातच नाही ते गाडी कुठून गिळणार? शिवाय तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी तेवढीच आहे, आणि तेवढ्यावर ती १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. तुला तर फक्त उरण ते बेलापूर जायचंय. घाईघाईत पुढचं गाणं लावत बसू नकोस, एकच तबकडी दोनदा ऐक. दुसऱ्यांदा ऐकताना ताना मोजता येतात.

तू सुखी आहेस हेही लक्षात ठेव. जानेवारी २०२४ पर्यंत लोकल खारकोपरच्या पुढे येत नव्हती. आता उरणलाच गाडी सुरू होते, म्हणजे बसायला जागा. थोडी लवकर जा आणि गाडी उभी असते तेवढ्यात संथ काय ते ऐकून घे. विलंबित ख्यालाला तो वेळ बरा. गाडी हलली की तबकड्या.

आवाज घरीच, दार-खिडक्या लावून, ठरवायचा. निघाल्यावर त्याला हात लावायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० ला फक्त ४. तुझं जाणंयेणंच रोज सव्वा-दीड तासाचं. ९० वर ऐकलंस तर बुधवारी संध्याकाळीच आठवड्याचा शिधा संपत आला. पहिल्या पगारातून गोंगाट कापणारे इअरफोन घे म्हणतात, घ्यावेत. ती एकसुरी घरघर ते चांगली कापतात. शेजारच्या बाईंचं सासूपुराण मात्र त्यांना झेपत नाही.

स्टेशनबाहेर पडलीस की दोन्ही कान मोकळे. एक ठेवते, एक काढते असलं काही नाही. आपल्याकडे रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर असतात. त्यांचा चालक उंचावर, त्याला तू दिसशीलच असं नाही. तुला तरी तो ऐकू यायला हवा.

कधी मुंबईला जायचं झालं तर मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच धर. उधाणाची सुकती असेल तर मोऱ्याला गाळामुळे लाँच लागत नाही, थांबावं लागतं, म्हणून आदल्या रात्री भरतीची वेळ बघ. गाणी फोनमध्ये उतरवून घे, खाडीत नेटवर्कच्या भरवशावर राहू नये. इंजिनापासून लांब, नाळेकडे बस. तिथे वारा कानात शिरतो, ते खरं, पण डिझेलच्या धडधडीपेक्षा वारा परवडला. अर्थात घारापुरी दिसायला लागली की मी तर गाणं बंदच करायचो.

स्पीकर लावून डब्याला ऐकवायचं नाही. कितीही थोर गाणं असलं तरी. लोकलमधल्या भजनी मंडळांची गोष्ट वेगळी: ते स्वतः गातात, घाम गाळतात, आणि त्यांच्यात बसायचं की नाही हे डबा बदलून ठरवता येतं.

आणखी एक. आपल्या लग्नातले धवले गाणाऱ्या धवलारणी आता मोजक्या उरल्यात, आणि ते गाणं तुला कुठल्या अ‍ॅपवर नीटसं मिळायचं नाही. पुढच्या लग्नात विचारून, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण कर. मांडवात बँजो सुरू व्हायच्या आत, पहाटे. फोन धवलारणीच्या तोंडासमोर धरू नकोस, ती बुजेल. हातभर अंतरावर पाटावर ठेव, खाली टॉवेलची घडी घाल. आणि विमान मोडवर टाक, नाहीतर ऐन हळदीत तुझ्या साहेबाचा फोन येईल.