वाढत्या शहराचें पाणी आणि आपला कालवा

वालूर, सेलू, जिंतूर या बाजूच्या आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा परभणीशीं संबंध बाजाराचा, कचेरीचा किंवा मुलांच्या शिक्षणाचा. त्या शहरानें पाणी कोठून घ्यावें हा प्रश्न नगरवासीयांचा, असें समजून आपण तो सोडून देतों. परंतु ज्या धरणांवर शहराची दृष्टि आहे, त्यांच्याच पाळ्यांवर आपला रब्बीचा गहूं व हरभरा उभा असतो. यास्तव शहरापुढें कोणकोणते मार्ग आहेत व प्रत्येकाचा भार कोणावर पडतो, याचा हिशेब शेतकऱ्यानें स्वतः मांडून पाहणें इष्ट होय.

प्रथम मागणी पाहूं. २०११ च्या खानेसुमारींत परभणीची वस्ती तीन लाखांहून थोडी अधिक भरली. पुढें ती पांच लाख होईल असें धरून चालूं. भुयारी गटारें असलेल्या शहरांसाठीं माणशीं रोज १३५ लिटर हें सरकारी प्रमाण आहे. त्या मानानें रोज पावणेसात कोटी लिटर, म्हणजे वर्षास सुमारें २४.६ दशलक्ष घनमीटर पाणी लागेल. आंकडा मोठा दिसतो. परंतु तो आपल्या मापानें मोजावा. ऊंसाच्या एका हेक्टरास पाटानें पाणी देतां वर्षभरांत वीस ते पंचवीस हजार घनमीटर सहज जातें. म्हणजे पांच लाखांचें शहर हजार-बाराशें हेक्टर ऊंसाइतकें पाणी घेईल. शहर आपलें पाणी पळवितें अशी ओरड करण्यापूर्वी हा हिशेब ज्याच्या त्यानें मनाशीं करावा.

मग चिंता कशाची? चिंता अवर्षणाच्या सालाची. शहराची तहान दुष्काळांत कमी होत नाहीं. धरण मात्र रिकामें होतें, आणि उरलेल्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा असतो. तो असावाच, त्याविषयीं आमचा वाद नाहीं. वाद आहे तो तें पाणी आणण्याच्या रीतीविषयीं.

परभणीस पूर्वापार पाणी मिळे तें पूर्णेवरील राहटीच्या बंधाऱ्यांतून. बंधारा आटला कीं वरच्या धरणांतून नदीच्या पात्रांत पाणी सोडावयाचें. ही रीत शेतकऱ्यास सर्वांत महाग पडते. वाळूंत मुरलेलें, डोहांत अडकलेलें व उन्हानें उडालेलें पाणी कोणाच्याच पदरांत पडत नाहीं. वर त्याच काळांत कांठावरच्या मोटारींची वीज तोडली जाते ती निराळीच. येलदरीहून बंद नळानें पाणी आणण्याची योजना शहरानें स्वीकारली ती याच कारणानें योग्य होय. तिचा खर्च पाहून कित्येकांनीं नाकें मुरडलीं. परंतु नळांत वांचलेलें पाणी धरणांत राहतें व धरणांत राहिलेलें पाणी कालव्यास येऊं शकतें, हें विसरतां कामा नये.

येलदरीचें धरण १९६८ सालीं पुरें झालें. त्याचा उपयुक्त सांठा सुमारें ८१० दशलक्ष घनमीटर. शहराची मागणी त्याच्या तीन टक्के. भरल्या धरणास हें कांहींच नव्हे. पण येलदरी दरसाल भरत नाहीं, आणि तिच्या वरच्या अंगास खडकपूर्णेचें धरण झाल्यापासून पूर्णेचें पाणी आधीं तेथें अडतें. सबब, येलदरीवर शहरानें अवलंबावें, पण येलदरी एकटीवर नव्हे.

दुसरें धरण निम्न दुधना. तें आपल्या सेलू तालुक्यांतील ब्रह्मवाकडीजवळ आहे. उपयुक्त सांठा सुमारें २४२ दशलक्ष घनमीटर. येथें शहराची तीच मागणी दहावा हिस्सा होते. जो भार मोठ्या बैलास जाणवत नाहीं तो गोऱ्ह्याच्या मानेवर ठेवण्यासारखें हें आहे. संकटकाळचा आधार म्हणून दुधना ठेवण्यास आमची हरकत नाहीं; नित्याचा स्रोत म्हणून आहे.

तिसरा मार्ग जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा. धरण प्रचंड, उपयुक्त सांठा सुमारें २,१७१ दशलक्ष घनमीटर. परंतु कालवा २०८ किलोमीटर लांब आणि परभणी जिल्हा त्याच्या शेपटाकडे. शेपटाकडच्या शेतकऱ्यास पाणी कसें पोंचतें हें आम्हीं सांगण्याची गरज नाहीं. शिवाय कालवा पाळीनें वाहतो व शहरास पाणी रोज लागतें, म्हणून मोठे सांठवण तलाव बांधल्यावांचून हा मार्ग कुचकामाचा.

विंधनविहिरींनीं शहर भागवावें असें सुचविणारेही भेटतात. आपला खडक काळा पाषाण. त्याच्या भेगांत पाणी राहतें तें थोडें. दर चौरस किलोमीटरांत पाणीपातळी तीन मीटर खालीं गेली व त्यांतून दोन टक्के पाणी मिळालें असें धरलें, तर साठ हजार घनमीटर होतात. शहराची वर्षाची गरज भागविण्यास असे चारशेंहून अधिक चौरस किलोमीटर उपसावे लागतील. म्हणजे भोंवतालच्या गांवांच्या विहिरी कोरड्या! गांवाची गोष्ट वेगळी. वालूरची चक्राकार बारव गांवकऱ्यांनीं २०२१ च्या सुमारास गाळ काढून मोकळी केली, त्याचें कौतुक झालें व तें रास्त होतें. बारव गांवास आधार देते. शहराचा नळ तिच्यावर चालत नाहीं.

एकाच धरणावर विसंबल्यानें काय होतें तें लातूरनें २०१६ सालीं पाहिलें. मांजरा आटली आणि एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीनें दहा डब्यांत पांच लाख लिटर आणलें. आमच्या पांच लाख वस्तीच्या हिशेबानें अशा १३५ गाड्या रोज लागतील. मराठवाड्यांतील ११ धरणें नळांनीं जोडण्याची योजना २०१९ सालीं राज्य सरकारनें पुढें मांडली ती याच भीतीनें. जोडणी चांगली; पण सारीं धरणें एकाच सालीं रिकामीं असलीं तर नळांतून हवाच वाहणार.

शहरानें घेतलेल्या पाण्यापैकीं सुमारें ऐंशीं टक्के सांडपाणी होऊन परत येतें. पांच लाखांच्या शहराचें तें रोज पांच कोटी चाळीस लाख लिटर होईल. रब्बीच्या १२० दिवसांत तेवढ्यावर, गव्हास हेक्टरीं चार हजार घनमीटर धरल्यास, दीड हजार हेक्टर भिजेल. पुण्याकडे मुंढव्याहून शुद्ध केलेलें पाणी जुन्या कालव्यांत सोडलें जातें. तें नीट शुद्ध नसतें अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार आहे. त्याच पुण्याचें खडकवासला १८७९ सालीं झालें तें मुख्यत्वें शेतीकरितां, आणि पुढें शहर वाढत गेलें तसें तें शहराचें होत गेलें.

म्हणून कालवा सल्लागार समितीची बैठक भरेल तेव्हां आपल्या पाणीवापर संस्थांनीं तीन गोष्टी लेखी मागाव्यात: शहराचें आरक्षण घनमीटरांत व धरणवार ठरावें; नळाच्या मुखाशीं मोजमापाचें यंत्र बसून त्याचा आंकडा दरमहा प्रसिद्ध व्हावा; आणि शुद्ध केलेलें सांडपाणी कोणत्या गांवांस, कोणत्या प्रतीचें मिळेल हें आरक्षणाच्या त्याच कागदावर लिहिलें जावें.