समाश्रयणाची रेषा व तिच्याभोवतीचे ठिपके

हजेरी वाढते तसे गुण वाढतात, असा बहुतेक शिक्षकांचा अनुभव असतो. किती दिवसांमागे किती गुण, हे आकड्यांत सांगण्यासाठी जी सरळ रेषा बसवितात, तिला संख्याशास्त्रात समाश्रयण रेषा म्हणतात. परंतु अहवालात तिचे नुसते समीकरण लिहून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकोम ह्यांनी १९७३ साली हा धोका चार लहान कोष्टकांनी दाखवून दिला. प्रत्येकात क्ष आणि य ह्यांच्या ११ जोड्या आहेत. चारही ठिकाणी क्ष ची सरासरी ९, य ची सुमारे ७.५; रेषाही जवळजवळ तीच : य = ३ + ०.५ क्ष. समीकरण वाचणारा चौघांस एकच समजेल. आलेखकागदावर ठिपके मांडताच मात्र चार निराळी चित्रे उभी राहतात. पहिल्यात ठिपके रेषेच्या आसपास विखुरलेले. दुसऱ्यात त्यांची कमान झालेली. तिसऱ्यात दहा ठिपके सरळ ओळीत व अकरावा खूप वर. चौथे सर्वांत विचार करावयास लावणारे आहे. तेथे दहा ठिपके क्ष = ८ वर एकाखाली एक उभे असून एकच दूर, क्ष = १९ वर आहे. तो काढला तर रेषाच उरत नाही. आणि गंमत अशी की, रेषेवर अचूक बसलेला दिसतो तोही तोच!

वर्गात ह्याचा अर्थ असा, की दहा मुलांची हजेरी सारखी व एकाचीच निराळी असेल, तर त्या एकाच्या गुणांवरून साऱ्या वर्गाविषयी विधान केले जाईल.

आडव्या अक्षावर हजेरीचे दिवस व उभ्या अक्षावर गुण घ्यावेत. प्रत्येक मुलाचा एक ठिपका द्यावा. रेषा नंतर काढावी. दोन्ही सरासऱ्यांच्या बिंदूतून ती गेलीच पाहिजे. न गेल्यास हिशेब पुन्हा तपासावा. शेवटच्या ठिपक्यापलीकडे ती वाढवू नये. रंगीत खडूंचा सोस नको. रेषेच्या बराच खाली पडलेला ठिपका वगळण्याचा मोह होतो. हजेरी पूर्ण असूनही गुण कमी, असे ते मूल असल्यास त्याला फळ्यावरचे नीट दिसते की नाही, हे आधी पाहावे. भिंतीवर लावावयाच्या आलेखात मुलांची नावे घालू नयेत. शिक्षकाने स्वतःच्या प्रतीत मात्र ती ठिपक्यांशेजारी पेन्सिलीने लिहावीत.