जर्मनीत फी नाही, मग त्यांना मिळतं काय?

प्रश्न : मुलगी मेकॅनिकलची बी.ई. झाली. आता मास्टर्सला जर्मनीला जायचं म्हणते. तिथं फीच नसते म्हणे. इंग्लंडात परदेशी मुलांकडून लाखांनी उकळतात, मग जर्मनांना हा दानधर्म परवडतो कसा?
– एक पालक, सातारा

उत्तर : फीचं खरं आहे, दानधर्माचं नाही. मुळात स्वतःच्या मुलांना फी लावणंच तिथल्या राजकारण्यांना जमलं नाही. २००५ मध्ये घटना न्यायालयानं राज्यांना मोकळीक दिली, काहींनी सेमिस्टरला ५०० युरो लावलेही. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि एकेका राज्यानं ती फी मागं घेतली. शेवटचं लोअर सॅक्सनी, २०१४ मध्ये. घरच्यांबरोबर बाहेरचेही सुटले.

पुढं हे चालू राहिलं ते हिशेबानं. देश म्हातारा होत चाललाय, कारखान्यांना इंजिनिअर हवेत. तुमच्या मुलीला जन्मापासून बी.ई.पर्यंत आणण्याचा खर्च तुम्ही केलात, थोडा आपल्या सरकारनं. जर्मन करदाता फक्त शेवटची दोन वर्षं सांभाळतो. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने देतात. नोकरी लागून ती तिथंच राहिली, की कर भरू लागते. स्वस्तातला सौदा आहे, आणि तो त्यांनी फारसा लपवलेलाही नाही. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपानं पदव्यांची बॅचलर-मास्टर्स अशी सरसकट मांडणी केली, इंग्रजीतून मास्टर्सचे वर्ग निघाले, म्हणून आपली बी.ई. तिथं बसतेही नीट. आज तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक भारतीयच आहेत.

इंग्लंडनं उलटी वाट धरली. थॅचरबाईंच्या सरकारनं १९८० च्या सुमारास परदेशी विद्यार्थ्यांवरचं अनुदान काढून घेतलं. स्थानिक मुलांच्या फीला सरकारी मर्यादा आहे, ती तूट आपल्या मुलांच्या फीतून भरून निघते.

आता खिशाकडं वळू. फी नसली तरी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ लागतं : वर्षाच्या राहण्याखाण्याचे ११,९०४ युरो, म्हणजे बारा लाखांच्या आसपास, व्हिसाआधीच भरायचे. तिथं पोचल्यावर महिन्याला ९९२ युरो हातात पडतात. पैसे तुमचेच, पण आधी एकरकमी उभे करावे लागतात. गरिबाघरचं हुशार पोर बहुधा इथंच अडतं, त्यामुळं ‘मोफत’ हा शब्द मला जरा खटकतो. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून फी सुरू केली आहे. मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,०००.

एजंटाकडं गेलात तर विद्यापीठ सरकारी की खासगी, हे आधी विचारा. जर्मनीतली खासगी विद्यापीठं चांगली सणसणीत फी घेतात, आणि एजंटाचं कमिशनही बहुधा तिकडूनच येतं.